‘फौजी’ची पद्मिनी निम्म्या किमतीत? थांबा भाऊ!

चकचकीत प्रीमियर पद्मिनी, भाव निम्मा, विकणारा ‘फौजी’. बदली झाली म्हणून घाई. न मागता ओळखपत्राचा फोटो येतो, मग ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’चा ॲडव्हान्स मागतात. ऑनलाइन लिलावात सोंग वेगळं: बोली हरलात की मेसेज, ‘पहिलं गिऱ्हाईक फिरलं, गाडी तुमचीच; पैसे मात्र साइटबाहेर द्या.’ इथंच सोडून द्यायचं.

मी आधी नंबर बघतो. एमएच २७ अमरावती, एमएच ३० अकोला. एमपरिवहन ॲपवर मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख जुळवा. खूप जुन्या नोंदी तिथं सापडत नाहीत; मग आरटीओतच विचारायचं. ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नवी नोंदणी हवी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिका मिळते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. त्यामुळे ‘व्हिंटेज आहे, कागद लागत नाहीत’ ही निव्वळ थाप. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. अकोल्याची गाडी अमरावतीहून बघायला कितीसा वेळ लागतो? विकणारा बघूच देत नसेल तर टोकनही नको.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसलात तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा, चॅट पुसू नका.