अपुऱ्या दिवसांची बालके आणि थायरॉइडची फेरतपासणी

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या नव्या काबिजादींतील तालुक्यांत अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की त्यास कापसात लपेटावे, शेगडीची ऊब द्यावी आणि पुढचे देवावर सोपवावे, ही रीत दीर्घकाळ चालली. पणजीस १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली होती खरी, परंतु श्वासासाठी झुंजणाऱ्या अशा बालकावर खात्रीचा इलाज त्या काळी जगात कोणापाशीही नव्हता. ज्या १९६३ साली त्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, त्याच साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुदतीपूर्वी जन्मलेला पुत्र याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला.

अपक्व फुप्फुसांत वायुकोश उघडे ठेवणाऱ्या स्निग्ध द्रव्याची वाण असते, हे मेरी एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ साली दाखविले होते. सत्तरीच्या दशकात अशा बालकांच्या रक्तात थायरॉइडचा संप्रेरक थायरॉक्सिनही अल्प आढळू लागला. आणि गर्भाचे फुप्फुस पक्व होण्यास त्याचे साह्य होते हे प्राण्यांवरील प्रयोगांतून ठाऊक असल्याने, ही उणीव भरून काढली की श्वासही सुधारेल, अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते. ती आशा कसोटीस उतरली नाही. प्रसूतीपूर्वी मातेस थायरॉइड चेतविणारे द्रव्य देण्याच्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात १९९५ साली लाभाऐवजी अपायाचीच चिन्हे दिसली. १९९७ साली नेदरलँड्समध्ये ३० आठवड्यांआधी जन्मलेल्या २०० बालकांपैकी निम्म्यांस थायरॉक्सिन देऊनही एकंदर वाढीत फरक पडला नाही. यश आले ते मातेस दिलेल्या स्टेरॉइडला आणि फुप्फुसात घातलेल्या स्निग्ध द्रव्याला. अल्प थायरॉक्सिन हे बहुतांशी अपक्वतेचे व आजाराचे लक्षण होते, श्वासविकाराचे मूळ नव्हे.

तथापि यावरून निश्चिंत राहणे घातक ठरेल. कारण मोजक्या बालकांत थायरॉइडचा खरा दोष असतो आणि उपचारास विलंब झाला तर बुद्धीची हानी भरून येत नाही. टाचेस सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावरील वर्तुळांत घ्यावयाचे, वाळवावयाचे आणि प्रयोगशाळेकडे रवाना करावयाचे, हा दोष हुडकणाऱ्या या तपासणीची राज्यव्यापी योजना गोव्याने २००८ साली हाती घेतली, ही अभिमानाची गोष्ट होय. तपासणीत मोजला जाणारा, थायरॉइड चेतविणारा संप्रेरक पूर्ण दिवसांच्या बालकात जन्मानंतर अर्ध्या तासात उसळतो. तो स्रवणारी पोषग्रंथी अपक्व बालकात मात्र मंद असते, डोपामाइनसारख्या औषधाने ती अधिकच दबते आणि कातडीवर लावलेल्या आयोडीनचाही थायरॉइडवर परिणाम होतो. सबब पहिला अहवाल निर्दोष असूनही दोष कित्येक आठवड्यांनी प्रकट होऊ शकतो.

म्हणून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातील फेरतपासणी हीच या अर्धशतकाची खरी शिकवण मानावी लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून पेडण्यास वा डिचोलीस घरी परतणाऱ्या बालकाच्या कागदावर तिची तारीख ठळक लिहिलेली असावी, तालुक्याच्या आरोग्यकेंद्राच्या दप्तरी तिची नोंद असावी, आणि त्या दिवशी मूल आले नाही तर कोणी तरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. एवढी तजवीज झाली, तरच कष्टाने वाचविलेल्या श्वासाबरोबर त्या मुलाची बुद्धीही सुरक्षित राहील.