अपडेट चालू असताना लॅपटॉपने मान टाकली तर



बचत गटाचा व्यवहार आता वहीइतकाच लॅपटॉपवरही असतो. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आम्ही ज्या गटांबरोबर काम करतो त्यांतल्या बऱ्याच जणींकडे गटाचा एखादा लॅपटॉप आहे. बहुतेक वेळा तो सेकंडहँड घेतलेला आणि बॅटरीने कधीच हात टेकलेले. त्यातच कर्जाचे हप्ते, सभासदांच्या आधार कार्डाच्या प्रती, बँकेला द्यायचा ताळेबंद आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. असा लॅपटॉप एखाद्या दिवशी स्वतःचं अपडेट करता करता बंद पडतो आणि पुन्हा उठतच नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा तो काळाच. मग कोणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कोणी म्हणतं सगळा डेटा गेला.

एक गोष्ट आधीच सांगतो. या आजारात तुमचा हिशोब सहसा गेलेला नसतो. तो जातो नंतर, घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत.

असं का, ते समजून घेऊ. लॅपटॉपच्या आत मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते, तुरीच्या डाळीएवढी म्हणा. बटण दाबल्याबरोबर लॅपटॉपला पहिली जाग आणणाऱ्या सूचना तिच्यात असतात: मेमरी तपास, कीबोर्ड तपास, पडदा लाव, मग विंडोजला हाक मार. या सूचनांना फर्मवेअर म्हणतात, दुकानदार तिला बायोस म्हणतात. विंडोज आणि तुमच्या फायली मात्र या चिपमध्ये नसतात. त्या असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर, म्हणजे वेगळ्याच खोलीत.

आता फर्मवेअरचं अपडेट म्हणजे या चिपवरचं जुनं पुसून नवं लिहिणं. या जातीच्या चिपवर आधी पुसल्याशिवाय लिहिताच येत नाही. पाटी पुसून झाली, चार ओळी लिहिल्या आणि कोणी पेन्सिल हिसकावून घेतली, तर पाटीवर जुनंही नाही आणि नवंही पुरं नाही. लॅपटॉपची तीच गत होते. उठायचं कसं तेच तो विसरतो. १९९९ च्या २६ एप्रिलला हीच गोष्ट एका व्हायरसने मुद्दाम केली होती. सीआयएच किंवा चेर्नोबिल नावाच्या त्या व्हायरसने आशियातल्या असंख्य कॉम्प्युटरांची ही चिप खराब केली आणि ती यंत्रं जागची उठेनात. तो व्हायरस डिस्कवरही घाला घालत होता. अर्धवट अपडेट तसं करत नाही, हाच आपल्या बाजूचा मुद्दा.

पेन्सिल हिसकावतं कोण? आपल्याकडे बहुधा वीज. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार तुम्हाला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका फटक्यात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. एवढा मोठा प्रसंग क्वचितच येतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी ढग गडगडायला लागले की डोंबिवलीत वीज जाणं यात नवल ते काय.

वीज गेली तरी लॅपटॉपला बॅटरी असते ना, असं तुम्ही म्हणाल. खरी गोम तिथेच आहे. बहुतेक लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय आणि बॅटरी ठराविक टक्क्यांच्या वर असल्याशिवाय हे अपडेट सुरूच करत नाहीत. पण म्हातारी बॅटरी खोटं बोलते. पडद्यावर ६० टक्के दाखवते आणि चार्जर काढला की दोन मिनिटांत आडवी होते. लॅपटॉप तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि पाटी पुसायला घेतो. म्हणून आमच्या मते जुना लॅपटॉप घेताना रंगरूप, स्पीड, सगळं नंतर. आधी चार्जर काढून तो किती वेळ चालतो ते दुकानातच बघावं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्टही काढता येतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती काढून देईल. नवी असताना बॅटरीत किती मावत होतं आणि आता किती मावतं, असे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी मिळतात.

बरं, अपडेट सुरू आहे आणि पडदा काळा झाला. काय करायचं? काहीच नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. फर्मवेअरच्या अपडेटमध्ये पडदा काही मिनिटं काळा राहणं, पंखा जोरात फिरणं, लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद होऊन चालू होणं, हे सगळं नेहमीचं आहे. या वेळी घाबरून पॉवरचं बटण दाबून धरलं तर वीज न जाताच आपण पेन्सिल हिसकावलेली असते. चार्जर लावलेला राहू द्या आणि घड्याळ लावून अर्धा तास तरी त्याला हात लावू नका. तोवर कुकर लावून घ्या.

अर्ध्या तासानंतरही हालचाल नसेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग पुन्हा चार्जर लावून सुरू करून बघा. तरी नाहीच, तर कंपनीने यावर आधीच काही सोय करून ठेवली आहे का ते बघायचं. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोजची खूण असलेली कळ आणि बी ही कळ एकत्र दाबून धरायची, पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं, पण त्या दोन कळा सोडायच्या नाहीत. पडदा थोडा वेळ काळाच राहतो, मग दुरुस्तीचा संदेश येतो. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप या कळा दाबून धरून चार्जरची पिन लावायची. काही यंत्रांना कंपनीच्या वेबसाइटवरून पेनड्राइव्हवर घेतलेली फाइल लागते. तेव्हा मॉडेल नंबर हुबेहूब जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट. तो लॅपटॉपच्या पाठीवर बारीक अक्षरात असतो, नुसतं 'एचपीचा काळा लॅपटॉप' सांगून चालत नाही.

यातून उठला तर उत्तम. नाही उठला तर दुकान. आणि इथे आम्हाला जरा जास्त वेळ बोलायचं आहे.

डोंबिवली पूर्वेच्या एका गटाचा लॅपटॉप असाच गेला होता. पहिल्या दुकानात बटण दाबून बघितलं न बघितलं आणि 'मदरबोर्ड बदला, नाहीतर नवीन घ्या' असं सांगितलं. गटाच्या ताईंनी पैसे दिले नाहीत, लॅपटॉप परत आणला. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'तुम्ही चिप लेव्हलचं काम करता का?' हा प्रश्न लक्षात ठेवा. चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर प्रोग्रॅमर नावाचं छोटं यंत्र त्या चिपला चिमट्याने लावतो आणि पुसली गेलेली पाटी बाहेरून पुन्हा लिहितो. मदरबोर्ड बदलण्याच्या मानाने हे काम बरंच स्वस्त पडतं. ठाणे आणि कल्याण स्टेशनांच्या परिसरात असे कारागीर आहेत. इथे जमलं नाही तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहेच.

मात्र त्याला दोन गोष्टी आधी सांगा. पहिली, चिपवर नवं लिहिण्याआधी तिच्यात जे काही उरलंय त्याची प्रत काढून ठेवा. कारण लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि कंपनीकडून विंडोज आलं असेल तर त्याची कीसुद्धा याच चिपमध्ये असते. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल तशीच ओतली तर यंत्र सुरू होतं, पण परक्याच्या नावाने. दुसरी, डिस्क फॉरमॅट करायची नाही. फर्मवेअरच्या दुरुस्तीला फॉरमॅटची गरज नाही, आणि तुमच्या पासवर्डचीही नाही. डिस्क काढता येत असेल तर सरळ काढून घरी ठेवा. त्यात चाळीस बायकांची आधार कार्डं आणि पासबुकं आहेत, ती कोणाच्या काउंटरवर आठ दिवस कशाला? बँकेची तारीख तोंडावर असेल तर तीच डिस्क केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते आणि ताळेबंद काढून घेता येतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेर कुठेही स्क्रू उघडू देऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या आणि जॉबशीटवर 'फर्मवेअर अपडेट चालू असताना बंद पडला' हे शब्द लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

दुरुस्तीनंतर एक अडथळा अनेकींना घाबरवतो. लॅपटॉप उठतो, पण निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतो. ही बिटलॉकरची किल्ली. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असला आणि फर्मवेअर बदललेलं दिसलं की विंडोजला संशय येतो, की हे यंत्र चोरीचं तर नाही. डिस्क दुसरीकडे जोडली तरी ती हेच मागते. लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल, त्यात बहुधा ही किल्ली जपलेली असते. प्रश्न असा, की खातं कोणाचं? गट सोडून गेलेल्या सचिवाचं? दुकानदाराच्या मुलाचं? जुना लॅपटॉप घेतलेल्या गटांनी हे या आठवड्यातच तपासावं. किल्ली ना मिळाली तर तो मजकूर खरोखरच गेला, मग कुठलाच कारागीर कामाचा नाही.

कोणी म्हणेल, एवढी जोखीम असेल तर ही अपडेट करूच नयेत. तसंही नाही. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांची बातमी फुटली, तेव्हा त्यांवरच्या इलाजाचा एक भाग फर्मवेअरमधूनच आला. पण त्याच महिन्यात इंटेलला स्वतःचंच एक अपडेट थांबवायला सांगावं लागलं, कारण यंत्रं आपोआप रीस्टार्ट होत होती. म्हणून करा, पण आपल्या वेळेने करा. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवून ठेवता येतात. मार्चअखेर किंवा बँकेच्या भेटीच्या आधी ती थोपवा. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर ठरवून केलेल्या बंदचा मेसेज येतो, तो दिवस टाळा. सकाळी, आभाळ स्वच्छ असताना, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असताना बसा. चार्जरची वायर मिक्सरच्या एक्स्टेंशनवर नको, आणि पोरं धावतात त्या वाटेत तर मुळीच नको. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर त्याला बॅटरीच नसते, त्यामुळे यूपीएसशिवाय हे अपडेट सुरू करू नका.

आणि त्याआधी गटाच्या हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्या. बिटलॉकरची किल्ली लॅपटॉपवरच सेव्ह करू नका, कागदावर लिहून कॅशबॉक्समध्ये ठेवा. पेनड्राइव्ह मात्र अध्यक्षांकडे असू द्या.