वर्गणी संपल्यावर काय उरते?

महाविद्यालयीन ग्रंथालयांत जुन्या शोधनियतकालिकांचे बांधीव खंड धूळ खात पडलेले दिसतात. ते पाहून खंत वाटते खरी. परंतु वर्गणी थांबली म्हणून ते खंड कपाटातून नाहीसे होत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या नियतकालिकांविषयी असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तेथे ग्रंथालय बहुधा अंक विकत घेत नसते. ठराविक मुदतीपुरती वाचनाची परवानगी घेत असते.

हा भेद आज ध्यानी घेणे अगत्याचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली करण्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. वर्गणीचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. आजवर मोठ्या संस्थांपुरते राहिलेले ज्ञान यामुळे तालुक्याच्या गावी पोहोचू शकते, हे निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु दार उघडले म्हणजे वाचक आत आला, असे होत नाही. प्रकाशकाची यंत्रणा संस्थेला सामान्यतः तिच्या आवारातील इंटरनेट जोडणीवरून ओळखते. घरी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास ती ओळखत नाही. त्याला स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द मिळवून देणे, एकाने शेकडो लेख एकदम उतरवून घेतल्यास साऱ्या संस्थेचा प्रवेश रोखला जाऊ शकतो हे समजावणे, कोणते नियतकालिक किती वाचले जाते याची नोंद ठेवणे, ही कामे ग्रंथपालाची. ते पदच रिक्त असेल, तर कोट्यवधींची वर्गणी कागदावरच राहावयाची.

मुदत संपल्यानंतरचा प्रश्न याहून बिकट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाशी कराराचे नूतनीकरण केले नाही, तेव्हा नवे लेख बंद झाले. मात्र कायम वाचनाचा हक्क आधीच मिळविलेला असल्याने बहुतेक जुने लेख हाती राहिले. २०२१ मध्ये नवा करार झाला, तोवर विद्यापीठ ठाम राहू शकले.

आपल्याकडेही वर्गणीच्या काळातील अंक पुढे कायम वाचता यावेत, ही अट प्रत्येक करारात अग्रभागी असावयास हवी. जनतेच्या पैशातून घेतलेले ज्ञान मुदतीबरोबर संपणार असेल, तर धूळ खाणारे ते खंडच अधिक भरवशाचे म्हणावे लागतील.