अर्धवट उघडणारे पान

चिखली-मेहकरकडच्या एखाद्या घरी राउटरवरचे दिवे नीट लागलेले असतात, काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि एखादे मात्र नुसते फिरत राहते. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा आपला सर्वमान्य उपाय! पण कधीकधी दोष पत्त्यांच्या व्यवस्थेत असतो.

इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा; असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील त्यांचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. सहाव्या आवृत्तीचा १२८ बिटांचा पत्ता १९९८ सालापासून तयार होताच. (पाचवा क्रमांक एका प्रयोगात खर्ची पडला.) या दोन व्यवस्था एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत, म्हणून घराघरांत दोन्ही एकत्र नांदतात. नवा मार्ग तुटका असला तर आजचे ब्राउझर साधारण पाव सेकंद थांबून जुना मार्गही चाचपतात. मग पान अडते कोठे?

मलकापूरहून राजूर घाटाने बुलढाण्याकडे निघालेला अवजड ट्रक डोळ्यांसमोर आणू. जुन्या व्यवस्थेत घाटाच्या पायथ्याशी माल लहान गाड्यांत वाटून पुढे नेण्याची मुभा होती. नव्या व्यवस्थेत ती नाही. वाटेतला राउटर मोठे पुडके टाकून देतो आणि ‘लहान पाठवा’ अशी चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे धाडतो. नेहमीचे पुडके १५०० बाइटांचे असते. पण घरच्या जोडणीत ८ बाइट वेष्टनात गेले, तर १४९२ च उरतात. त्यातच एखाद्या अतिदक्ष सुरक्षाभिंतीने ती चिठ्ठी अडवली, की पाठवणारा तेच मोठे पुडके पुनःपुन्हा पाठवत बसतो. ओळखपाळखीची पहिली पुडकी लहान असल्याने सुखरूप पोहोचतात. ब्राउझरला मार्ग ठीक वाटतो, तो जुन्याकडे वळत नाही, आणि पान अर्ध्यावर लटकते!

वर्गात हे तपासता येते. सहाव्या आवृत्तीचा पिंग आधी लहान, मग १४५२ बाइटांच्या मजकुराचा पाठवावा (४० व ८ बाइटांची शीर्षके धरून नेमके १५००). लहानाला उत्तर येते आणि मोठ्याला येत नाही, असे घडल्यास संशय बळावतो. मग संगणकातील पुडक्याची कमाल मर्यादा १२८० करून पाहावी. एवढे पुडके सहाव्या आवृत्तीच्या प्रत्येक मार्गाने वाहून नेलेच पाहिजे, असा नियम आहे. संभाषणाच्या सुरुवातीलाच आपला संगणक ही मर्यादा पलीकडे कळवतो, त्यामुळे चिठ्ठीची गरजच उरत नाही. सहावी आवृत्ती सरसकट बंद करण्याचा सल्लाही मिळतो. तो आम्हांला पटत नाही. त्याने पान उघडते, पण अडलेली चिठ्ठी अडलेलीच राहते.