तोंडवळा सारखा, अर्थ निराळा

स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लॅटिनमधून आलेले हजारो शब्द आहेत. त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला स्पॅनिश लवकर जवळची वाटते. काही गैरसमज याच जवळिकीतून होतात.

गैरसमज : शब्द सारखा दिसला की अर्थही तोच.
वस्तुस्थिती : मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. इथेही तसेच आहे. ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. स्पेनमध्ये कुणी ‘कोन्स्तिपादो’ असेल, तर त्याला सर्दी झालेली असते, बद्धकोष्ठ नव्हे. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘सध्या’. ‘अ‍ॅक्च्युअली’सारखे ‘खरे तर’ नव्हे.

गैरसमज : हे साम्य केवळ योगायोगाचे.
वस्तुस्थिती : अनेकदा मूळ एकच असते. स्पॅनिश ‘एक्सितो’ आणि इंग्रजी ‘एक्झिट’ हे दोन्ही ‘बाहेर पडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले. इंग्रजीत तो बाहेर जाण्याची वाट झाला. स्पॅनिशमध्ये तो आधी ‘निष्पत्ती’ आणि मग ‘यश’ या अर्थाकडे वळला.

गैरसमज : चुकलेच तर फार तर हसे होईल.
वस्तुस्थिती : १९८० मध्ये फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. अन्नातून विषबाधा झाली असावी, असे वाटून क्यूबन कुटुंबीयांच्या बाजूने ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला गेला. त्यावरून डॉक्टरांचा समज झाला, की मुलाने अमली पदार्थांचा अतिरेक केला आहे. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. योग्य उपचारांना उशीर झाला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्या वेळी प्रशिक्षित दुभाषी बोलावलेला नव्हता.

गैरसमज : आकड्यांत तरी घोळ होणार नाही.
वस्तुस्थिती : आजच्या इंग्रजीत ‘बिलियन’ म्हणजे १०० कोटी. स्पेन आणि बहुतेक लॅटिन अमेरिकेत ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी, म्हणजे हजारपट. अर्थसंकल्पाच्या बातमीचा अनुवाद करताना हे विसरून चालत नाही.

गैरसमज : ‘नोवा’ हे नाव ‘नो वा’ (चालत नाही) असे ऐकू येई, म्हणून ती शेवरोले मोटार लॅटिन अमेरिकेत खपली नाही.
वस्तुस्थिती : ही निव्वळ दंतकथा. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती चांगली विकली गेली. ‘नोवा’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर येतो, ‘नो वा’मध्ये ‘वा’वर. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर ‘नोवा’ याच नावाने पेट्रोल विकले.

गैरसमज : म्हणजे सारख्या शब्दांवर विसंबूच नये.
वस्तुस्थिती : बहुतेक सारखे शब्द भरवशाचे असतात. ‘ओस्पिताल’ हे हॉस्पिटलच आणि ‘आनिमाल’ म्हणजे प्राणीच. म्हणून ओळखीच्या शब्दाचा आधार जरूर घ्यावा, पण वाक्यात अर्थ बसत नसेल तर शब्दकोश उघडावा. आजार, औषध, करार किंवा पैशांचा प्रश्न असेल, तर अर्थ पुन्हा विचारण्यात अजिबात संकोच करू नये.