लग्नाची तारीख आणि कागदाची तारीख

बँकेच्या नोकरीत माझी उभी हयात कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. मूल आणि सावली परिसरातील राईस मिल, कापडाची व किराण्याची दुकाने, अडतीचे व्यवहार यांच्या फायली हातांखालून गेल्या. कागद पाहताच तो पक्का की कच्चा हे मला कळते, असा थोडा अभिमानही मनात होता. तो अभिमान माझ्या पुतणीच्या लग्नात उतरला. आपल्या समाजातील अनेक घरांत आज परदेशस्थ स्थळे येत आहेत, म्हणून घरातली ही गोष्ट सांगण्याचा संकोच मी बाजूला ठेवत आहे.

2014 च्या जून महिन्यात पुतणीचा साखरपुडा झाला. मुलगा अमेरिकेत, एका बहुराष्ट्रीय कंपनीत व्यवस्थापक. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता आणि निर्णय जवळ आला होता. मुलाने फोनवर विनंती केली, "काका, चातुर्मासाच्या आधी साधेपणाने लग्न उरकून घेऊ. थाटाचा समारंभ पुढे करता येईल." थोरल्या बंधूंनी माझे मत विचारले. मी म्हणालो, "घाई कशाला? आधी ग्रीन कार्ड हातात येऊ द्या. टायटल क्लिअर झाल्यावरच व्यवहार करावा." घरात माझ्या शब्दाला मान होता. लग्न चातुर्मासानंतरवर गेले.

ऑक्टोबरमध्ये मुलाला ग्रीन कार्ड मिळाले. आम्ही पेढे वाटले. डिसेंबरच्या आरंभी लग्न थाटात पार पडले, जावईबापू तीन आठवड्यांनी परतले आणि पुतणी माहेरीच राहिली. तिला पतीजवळ जायला 2017 चा मार्च उजाडला.

चूक कुठे झाली?

अमेरिकेच्या कायद्यात पतीचा दर्जा कोणता, यावर पत्नीचे भवितव्य ठरते. पती तेथील नागरिक असेल तर पत्नीला संख्येची मर्यादा नाही. 1965 च्या स्थलांतर कायद्याने नागरिकाचा जोडीदार, अज्ञान मुले आणि आईवडील यांना वार्षिक मर्यादेबाहेर ठेवले. पती तात्पुरत्या नोकरीच्या एच-1बी व्हिसावर असेल, तर पत्नी एच-4 या आश्रित व्हिसावर जाऊ शकते. तिला नोकरीची मुभा मात्र सर्वांना नाही. 2015 च्या मे महिन्यापासून ती काही ठरावीक एच-4 धारक पत्नींना मिळू लागली.

पती ग्रीन कार्डधारक असेल तर मधली अवस्था येते. त्याने लग्नानंतर पत्नीसाठी अर्ज केला की ती एफ2ए या गटाच्या रांगेत उभी राहते. या गटाला दरवर्षी ठरावीक व्हिसा मिळतात. अर्ज दाखल झाल्याची तारीख हा तिचा रांगेतील क्रमांक, आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा पत्रक काढून रांग कोठवर आली ते सांगते. ही रांग कधी मोकळी होते, कधी मागे सरकते. 2019 च्या जुलैपासून ती काही वर्षे मोकळी होती. 2023 च्या एप्रिलपासून पुन्हा तारखा लागल्या.

आता आमची चूक. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळणाऱ्याचे लग्न ते कार्ड मिळण्यापूर्वी झालेले असेल, तर पत्नी त्याच्याच अर्जाची हक्कदार ठरते आणि मागाहून त्याच गटातून जाऊ शकते. जावईबापूंच्या गटात त्या काळी भारतीयांना रांग नव्हती. म्हणजे जूनमध्ये लग्न झाले असते, तर काही महिन्यांत पुतणी पतीजवळ गेली असती. ऑक्टोबरनंतर लग्न झाल्याने तो हक्क गेला आणि ती नव्या रांगेत शेवटी उभी राहिली. पर्यटक व्हिसावर जावे म्हटले, तर तेथे कायम जाण्याचा अर्ज प्रलंबित असताना "मी परत येणार आहे" हे अधिकाऱ्याला पटवणे फार अवघड असते. व्यवहार पक्का व्हावा म्हणून मी थांबायला सांगितले आणि त्या थांबण्यानेच दोन वर्षे गेली.

त्या दोन वर्षांत पुतणीने एकदाही मला बोल लावला नाही. वहिनी मात्र सणासुदीला तिची साडी काढताना गप्प होत. लग्न झालेली मुलगी माहेरी का, हे मूलसारख्या गावात कोणी ना कोणी विचारतेच. राहिलेले काम तरी नीट करावे, म्हणून कागदांची सारी जबाबदारी मी अंगावर घेतली.

नावांचा गुंता

पतीने तिकडे आय-130 हा अर्ज भरला. सोबत पत्नीच्या माहितीचा आय-130ए हा नमुना जोडावा लागतो. हे नमुने सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. शुल्क अर्ज दाखल करताना लागते. 2024 च्या एप्रिलपासून ते कागदी अर्जाला 675 आणि ऑनलाइन अर्जाला 625 डॉलर आहे.

पहिला अडथळा नावाचा आला, आणि तो आपल्या समाजात घरोघरी सापडेल. बंधूंच्या दुकानाच्या आणि जमिनीच्या कागदांवर गोत्राचे आडनाव. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते "जैन". लग्नानंतर मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे आले. आपल्याला ही एकच व्यक्ती दिसते. परक्या देशातील अधिकाऱ्याला तीन बायका दिसतात. आम्ही प्रतिज्ञापत्र केले आणि अर्जात "यापूर्वी वापरलेली नावे" या रकान्यात प्रत्येक नाव लिहिले.

दुसरा अडथळा जन्माच्या दाखल्याचा. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे पुतणीचा जन्म मूलला नव्हे, आजोळी नोंदलेला. नोंद मिळाली, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाआधीच नोंद झालेली. तो दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रे असे सारे एकत्र जोडले. मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे" असे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन लागते.

तिसरा कागद विवाह नोंदणीचा. हिंदू विवाह कायदा, 1955 जैनांनाही लागू आहे आणि महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करावी लागते. पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. जावईबापू परत जाण्यापूर्वी तीन आठवड्यांत हे काम उरकले, ही माझ्या हातून घडलेली एकच शहाणपणाची गोष्ट.

संसार खरा आहे, याचा पुरावा

लग्न खरे आहे, कागदापुरते नाही, हेही दाखवावे लागते. ठरवून झालेल्या लग्नात संयुक्त खाते, संयुक्त घर कोठून आणायचे? आमच्याकडे होती ती दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांची नावे असलेली लग्नपत्रिका, साखरपुड्याची व लग्नाची छायाचित्रे, जावईबापूंची विमानाची तिकिटे, फोनच्या नोंदी आणि पुतणीला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. तारखेवार लावल्यावर फाईल बोलू लागली. मोह झाला तरी एकही कागद "तयार" करू नये. खोटी माहिती उघड झाली तर प्रवेशाचा दरवाजा जन्मभर बंद होऊ शकतो.

जामीनपत्र

या साऱ्या कागदांत माझ्या धंद्याचा कागद एकच होता, आय-864. पत्नी सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, याची पतीने अमेरिकी सरकारला दिलेली ही हमी. त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान 125 टक्के हवे. 2025 साली दोघांच्या कुटुंबासाठी हा आकडा 26,437 डॉलर होता. उत्पन्न अपुरे असेल तर तेथे राहणारा दुसरा जामीनदार चालतो.

कर्जाचा जामीनदार कर्ज फिटले की सुटतो. हा जामीनदार पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाही जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षे, बांधलेला राहतो. घटस्फोटानेही ही हमी संपत नाही, आणि पत्नी ती न्यायालयात बजावून घेऊ शकते. मुलीकडच्या प्रत्येक वडिलांनी हा कागद वाचावा आणि त्याची प्रत मुलीजवळ ठेवावी.

अखेर 2016 च्या अखेरीस तिची तारीख आली. डीएस-260 हा ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र, दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. दोन वर्षे चाललेल्या प्रकरणाची मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची. लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाल्यामुळे तिला अटींचे दोन वर्षांचे कार्ड न मिळता थेट पूर्ण मुदतीचे मिळाले. प्रतीक्षेचे तेवढेच व्याज.

म्हणून वाचकांना विनंती. परदेशस्थ स्थळ आले की कुळ, घर आणि पगार आपण पाहतोच. त्यासोबत मुलाचा तेथील दर्जा आज काय आहे, पुढील वर्षभरात तो बदलणार आहे का, आणि लग्न त्या बदलाच्या आधी व्हावे की नंतर, हे मुहूर्त काढण्यापूर्वी तेथील जाणकार वकिलाला विचारा. मुला-मुलीचे सर्व दाखले साखरपुड्याच्या आठवड्यातच एका टेबलावर मांडून नावे जुळवा. आणि घरातल्या अनुभवी माणसाचे ऐका, पण त्याचा अनुभव याच विषयातला आहे ना, एवढे आधी पाहून घ्या.

निघण्याच्या दिवशी पुतणी पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझी दोन वर्षे गेली." ती म्हणाली, "काका, फाईल तर तुम्हीच पूर्ण केलीत." तिने मला माफ केले. वहिनींसमोर मात्र मी अजून मुहूर्ताचा विषय काढत नाही.