पोलादी नळीतली तार

सहा मीटर लांबीची, दहा सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच अशी चौकोनी पोलादी नळी. दोन्ही टोकं बंद. पत्र्याची शेड उभारायला मागवलेला माल म्हणून रस्त्याकडेला पडली असती, तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. नळीच्या बरोबर मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टंगस्टनची तार ताणलेली असते. तिची जाडी १०० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या राठ केसाएवढी. उरलेल्या पोकळीत नऊ भाग आर्गॉन आणि एक भाग मिथेन.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं उटीला, समुद्रसपाटीपासून २२०० मीटर उंचीवर, अशा ३७१२ नळ्या काँक्रीटखाली थर लावून मांडल्या आहेत. भारतीय आणि जपानी संशोधकांच्या ‘ग्रेप्स-३’ या प्रयोगाचा हा म्युऑन टेलिस्कोप. दुर्बीण म्हणायची, पण तिला भिंग नाही, आरसा नाही आणि आकाशाकडे उघडणारं तोंडही नाही; डोक्यावर आहे ते दोन मीटर जाडीचं काँक्रीट. एवढ्या आडोशातूनही ही दुर्बीण रोज सुमारे ४०० कोटी म्युऑन टिपते. आणि १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर आलेल्या एका वादळी ढगाचं व्होल्टेजही तिनंच मोजलं.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊ. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा जी पडझड होते तिच्यातून हे कण जन्मतात आणि जमिनीपर्यंत पोचतात. आडव्या धरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वायूला मात्र लागतो. विद्युतभारित कण आर्गॉनमधून धावताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. सेंटिमीटरभर आर्गॉनमध्ये असे साधारण शंभर इलेक्ट्रॉन सुटतात. उटीच्या नळीतून सरळ खाली गेलेला म्युऑन मागे हजारेक सुटे इलेक्ट्रॉन ठेवून जातो, असं ढोबळ मानानं धरायला हरकत नाही.

हजार इलेक्ट्रॉन ही अगदीच किरकोळ रक्कम झाली. एवढ्यानं कुठल्याही साध्या मीटरचा काटा हलत नाही. खरी करामत आहे ती तारेच्या बारीकपणात. तारेवर हजारो व्होल्टचा धन दाब दिला, की नळीभर पसरलेलं विद्युतक्षेत्र तारेजवळ एकवटतं. अंतर निम्मं झालं की क्षेत्र दुप्पट. इलेक्ट्रॉन आधी रमतगमत तारेकडे सरकतात. शेवटच्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात मात्र त्यांना असा ओढा बसतो, की समोर येणाऱ्या अणूवर आदळून प्रत्येक जण नवा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रयोगशाळेत याला ‘अव्हलांच’ म्हणतात. डोंगरावरून सुटलेल्या एका दगडानं दरड खाली आणावी तशी एका इलेक्ट्रॉनमागे दहा हजार, कधी लाखभर इलेक्ट्रॉनची दरड तारेवर कोसळते. आता मात्र सर्किटला ती ऐकू येते.

मिथेनचं काम या दंग्यात शांतता राखण्याचं. आदळआपटीत उत्तेजित झालेले आर्गॉनचे अणू अतिनील प्रकाश फेकतात आणि तो प्रकाश दूरवर नवीन दरडी सुरू करू शकतो. मिथेनचे रेणू तो प्रकाश गिळतात आणि प्रकरण जागच्या जागी मिटतं.

अर्न्स्ट रदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी मँचेस्टरला १९०८ मध्ये नळी आणि तार यांच्या याच जोडीनं अल्फा कण एकेक करून मोजले होते. त्या काळात दुसरी रीत होती ती अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावर उमटणारे प्रकाशाचे ठिपके डोळ्यांनी मोजायची. पुढे १९२८ मध्ये गायगर आणि त्याचा विद्यार्थी वाल्टर म्युलर यांनी जो काउंटर केला, त्याचा कटकट आवाज सिनेमामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्यात व्होल्टेज इतकं चढवलेलं असतं की कण हलका असो वा भारी, ठोका सारखाच पडतो. कण आला, एवढंच कळतं. उटीच्या नळ्या त्याच्या अलीकडच्या टप्प्यात चालतात. तिथे जितके इलेक्ट्रॉन सुटले, त्या प्रमाणात ठोका मोठा. म्हणून त्यांचं नाव प्रपोर्शनल काउंटर.

१९६८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जॉर्ज शारपाक यांनी एका चपट्या पेटीत शेजारी शेजारी अनेक तारा ताणल्या आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर जोडला. कुठली तार वाजली, यावरून कण कुठून गेला ते कळू लागलं. तोवर कणांच्या वाटांचे फोटो काढून ते माणसं बसवून तपासत. फोटो निघायचे सेकंदाला एक-दोन. शारपाक यांच्या पेटीनं तो आकडा सेकंदाला लाखांच्या घरात नेला. १९९२ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

तत्त्व असं चार परिच्छेदांत उरकतं. बाकीची वर्षं जातात ती नळी बनवण्यात आणि तिच्यावर कितपत भरवसा ठेवायचा ते ठरवण्यात.

तारेचंच घ्या. ती सैल राहिली तर मध्यभागी झोळते, अक्षापासून ढळते आणि तिथलं विद्युतक्षेत्र बिघडतं. फार ताणली तर कधीतरी तुटते, आणि अनेक तारांच्या चेंबरमध्ये तुटलेली एक तार शेजारणींना चिकटून सगळा थर बंद पाडते. ताण मोजायचा तरी कसा? तारेजवळ चुंबक धरून तिच्यातून उलटसुलट प्रवाह सोडतात आणि त्याची वारंवारता हळूहळू बदलत जातात. एका वारंवारतेला तार थरथरू लागते. तो तिचा स्वर. तारेची लांबी आणि वजन माहीत असतं, त्यामुळे स्वरावरून ताण निघतो. मिरजेतला तंबोऱ्याचा कारागीर हे नुसत्या कानानं करतो, एवढाच फरक.

मग स्वच्छता. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा हावरा. नळीत हवेचा अंश राहिला, तर म्युऑननं सोडलेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचायच्या आधीच हडप होतात. म्हणून आधी हवा उपसून काढायची, सांध्यासांध्याची गळती तपासायची आणि मगच वायू भरायचा. सिलिकॉन ग्रीसचं तर या धंद्यात नाव काढलं तरी लोक दचकतात. सीलला लावलेल्या त्याच्या बोटभर थरातून उडालेले रेणू वर्षानुवर्षं तारेवर जमत राहतात, तार जाड होते आणि तिची वाढवण्याची ताकद ओसरते. उटीचा म्युऑन टेलिस्कोप वीसहून अधिक वर्षं मोजतो आहे, ते पाहिलं की या सोवळ्याओवळ्याची किंमत कळते.

नळी तयार झाली. तिच्या ठोक्यावर विश्वास ठेवायचा का?

दुकानदाराच्या तराजूवर वैधमापनवाले शिक्का मारतात तो खात्रीचं वजन ठेवून पाहिल्यावर. इथे खात्रीचं वजन म्हणून सगळ्यात जास्त वापरात आहे ते लोह-५५. या किरणोत्सारी लोखंडातून ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण निघतात. आर्गॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन सोडवायला सरासरी २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे एका क्ष-किरणामागे सव्वादोनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन. तारेवर साडेबावीस लाख गोळा झाले, तर वाढ दहा हजार पट. हिशेब किराण्याच्या यादीइतका सरळ आहे.

आलेखावर मात्र एकाऐवजी दोन शिखरं दिसतात आणि नवखे विद्यार्थी हमखास बुचकळ्यात पडतात. क्ष-किरण शोषून घेतलेला आर्गॉनचा अणू कधीकधी स्वतःच सुमारे तीन किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण सोडतो आणि तो नळीबाहेर निसटतो. त्या वेळी साधारण निम्मीच ऊर्जा हाती लागते. हे दुसरं शिखर म्हणजे फुकटात मिळालेलं दुसरं वजन. दोन्ही शिखरं आपापल्या जागी आली, तर तराजू हलक्या मालालाही खरा आहे आणि भारी मालालाही.

सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात तर पिंपच आहे, ९० घनमीटर वायूचं. बाहेरून स्रोत दाखवून त्याचा कोपरान् कोपरा तपासता येत नाही. म्हणून तिथे किरणोत्सारी क्रिप्टॉन थेट वायूतच मिसळतात. मग पिंपातल्या प्रत्येक जागी ओळखीच्या ऊर्जेचे ठोके पडतात. शिवाय लेझरच्या शेकडो किरणांनी आत सरळ रेषा आखतात. मोजलेली रेषा वाकडी निघाली, तर दोष रेषेचा नसतो.

उटीच्या नळीची भिंत दोन मिलिमीटरहून जाड पोलादाची. लोह-५५ चे किरण तिच्यात शिरल्या शिरल्या संपतात. तिथे परीक्षक म्हणून म्युऑनच कामी येतात. नळ्यांचे एकावर एक चार थर आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या थरात एका रेषेत ठोके पडले, तर म्युऑन तिसऱ्या थरातल्या अमुक नळीतून गेलाच असणार. ती गप्प राहिली, तर चूक तिची. समजा अशा हजार म्युऑनपैकी ९७० तिला दिसले, तर तिची कार्यक्षमता ९७ टक्के. म्युऑनचा पुरवठा रात्रंदिवस आहे आणि पगार द्यावा लागत नाही, त्यामुळे ही तपासणीही अखंड चालू राहते.

नळ्यांऐवजी काचेचाही मार्ग आहे. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी टाटा संस्थेनं काचेच्या दोन तावदानांमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवणारे, तार नसलेले डिटेक्टर विकसित केले. मदुराईला ८५ टनांच्या चुंबकात असे डिटेक्टर बसवून चाचण्या झाल्या आहेत. या जातीच्या डिटेक्टरांत भरतात तो मुख्य वायू गाड्यांच्या एसीतला, आर-१३४ए. वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, त्यामुळे त्याला पर्याय शोधण्याचं एक नवंच काम या क्षेत्राच्या मागे लागलं आहे.

हवामानाचा जाच वेगळाच. ज्या डिटेक्टरमधून वायू सतत वाहता ठेवतात, त्यांत बाहेरचा दाब उतरला की वायू विरळ होतो आणि वाढ चढते. म्हणून शेजारी बॅरोमीटर आणि थर्मामीटर हवेतच. उटीच्या नळ्या सीलबंद असल्यानं तिथे हा त्रास नाही, पण म्युऑनच हवेतून येतात, त्याचं काय? दाब एका हेक्टोपास्कलनं वाढला की वाटेत हवा जास्त, आणि म्युऑन सुमारे ०.१३ टक्क्यानं कमी. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. संशोधकांनी म्युऑनच्या संख्येत हीच बारा तासांची लय शोधली आणि तिच्यावरून दुरुस्तीचा आकडा काढला.

अशी एकेक खोट वजा करत नेल्यावर १ डिसेंबर २०१४ चा आलेख उरतो. त्या दिवशी अठरा मिनिटं म्युऑनची संख्या दोन टक्क्यांनी घसरली होती. उटीला मिनिटाला अठ्ठावीस लाखांच्या आसपास म्युऑन मोजले जातात, तेव्हा नुसत्या योगायोगानं होणारा चढउतार एक दशांश टक्क्याच्याही आत राहतो. नळ्या ठीक होत्या, दाबाचा हिशेब चुकता झाला होता. घट आली होती ढगातून. म्युऑनमध्ये धनभारित ऋणभारितांपेक्षा जास्त असतात. ढगातल्या विद्युतक्षेत्रानं धन म्युऑनांची ऊर्जा खाल्ली आणि त्यातले काही काँक्रीट भेदून नळ्यांपर्यंत पोचलेच नाहीत. उलटा हिशेब मांडल्यावर ढगाचा विभव निघाला १.३ अब्ज व्होल्ट.

मेघांमध्ये अब्ज व्होल्टची मजल गाठली जाऊ शकते, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं. हे तेच विल्सन, ज्यांनी बाष्पानं भरलेल्या काचपेटीत, म्हणजे क्लाउड चेंबरमध्ये, कणांच्या वाटा पहिल्यांदा डोळ्यांना दाखवल्या. फुगे आणि विमानं ढगात पाठवून मोजलेली व्होल्टेजं त्यांच्या आकड्यापासून दूरच राहिली होती, कारण ढग किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला आणि फुग्याची वाट त्यातली एक रेघ. म्युऑन मात्र सबंध ढगातून एकाच वेळी बरसतात. २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा २०११ ते २०१४ या काळातली १८४ वादळं नोंदीत होती; त्यातलं हे सर्वांत मोठं.

दरम्यान उटीला आणखी जवळजवळ तेवढ्याच नळ्यांचा दुसरा म्युऑन टेलिस्कोप उभारायला घेतला आहे. पहिला जितकं आकाश पाहतो, त्याहून क्षितिजाकडे कललेला भाग त्याला दिसेल. नळीचा नमुना तोच आहे. सहा मीटर पोलाद आणि मधून एक तार.